ग्रंथपालाचा व्यवसाय आणि हट्ट्याचा वाचक

पदव्युत्तर परीक्षा जवळ आली म्हणजे विद्यार्थ्यांच्या मनात पुढील निर्वाहाचा विचार सुरू होतो, आणि त्या विचारात ग्रंथपालाचा व्यवसाय एकदा तरी डोकावून जातो. तथापि हा विचार बहुधा दोन समजुतींच्या आधारे केला जातो. वाचनाची आवड असणाऱ्याला ग्रंथालयासारखे निवांत स्थान दुसरे नाही, ही पहिली समजूत; आणि अध्यापकाची जागा न मिळाल्यास धरावयाचा हा दुय्यम मार्ग आहे, ही दुसरी. वस्तुतः या दोन्ही समजुती सदोष आहेत. पहिलीत ग्रंथालयाचा वाचक विसरला जातो, तर दुसरीत या व्यवसायाचे स्वतंत्र शास्त्र विसरले जाते. हे शास्त्र कोणते, ते आत्मसात करणाऱ्याला कोणत्या वाटा खुल्या होतात, आणि या वाटांच्या दोन टोकांशी मिळणाऱ्या मोबदल्यात एवढे अंतर का पडले, यांचा उलगडा झाल्याखेरीज निवड डोळसपणे होऊ शकत नाही. विवेचन केवळ तात्त्विक राहू नये म्हणून येथे एक विवक्षित गाव समोर ठेवले आहे.

गाव आणि वाचक

हट्टा हे हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील गाव होय. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. तोवर हा सर्व भाग परभणी जिल्ह्यात मोडत होता, आणि १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उच्च शिक्षणाच्या दृष्टीने १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात हा जिल्हा येतो. वसमतची बाजारपेठ हळदीसाठी प्रसिद्ध आहे. याच जिल्ह्यात औंढा नागनाथाचे प्राचीन मंदिर आहे, आणि परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी हे गावही आहे.

अशा परिसरातील एखाद्या ग्रंथालयात एकाच दिवशी तीन वाचक आले, अशी कल्पना करावी. हळदीच्या पानांवर पडलेल्या करप्याला उपाय काय, हे एका शेतकऱ्याला जाणून घ्यावयाचे आहे. नामदेवांविषयी विश्वसनीय असे जेवढे मिळेल तेवढे शाळेतील एका शिक्षकाला पाहिजे आहे. स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्या एका तरुणीला राज्यघटनेवरील पुस्तक हवे आहे. परंतु कपाटात त्या विषयावरील ज्या चार प्रती आहेत, त्यांपैकी सर्वांत नवी कोणती आणि कोणतीत अलीकडील घटनादुरुस्त्या आल्या आहेत, हे तिला ठाऊक नाही. हे तिन्ही प्रश्न दिसावयास साधे असले, तरी त्यांची उत्तरे केवळ वाचनाच्या आवडीतून मिळत नाहीत. ग्रंथपालाने हळदीवर एकही पुस्तक वाचलेले नसेल. तरीही शेतकऱ्याला योग्य पुस्तिकेपर्यंत पोहोचविता आले पाहिजे, हेच त्याचे कौशल्य.

वर्गीकरण : वाचकाच्या प्रश्नाचे शास्त्र

हळदीच्या रोगावरील पुस्तिका कोठे ठेवावी, या प्रश्नापासून वर्गीकरणशास्त्राचा आरंभ होतो. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतीत ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग कल्पिलेले असून प्रत्येकाचे पुन्हा दहा-दहा विभाग पाडलेले आहेत. शेतीला ६३० हा क्रमांक आहे. त्यात पिकांच्या रोगांना व किडींना ६३२ आणि शेतातील पिकांना ६३३ हे क्रमांक येतात. हळदीच्या करप्यावरील पुस्तिका पिकाबरोबर ठेवली, तर रोगांची पुस्तके पाहणाऱ्याला ती दिसत नाही. रोगांबरोबर ठेवली, तर हळदीची पुस्तके चाळणाऱ्याच्या हाती ती लागत नाही. पुस्तक ही एक वस्तू असल्यामुळे फळीवर तिला एकच जागा देता येते. विषयाला मात्र अनेक बाजू असतात.

या अडचणीचा मूलगामी विचार डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी केला. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात तयार क्रमांकांची लांबलचक यादी देण्याऐवजी विषयाचे पैलू वेगवेगळे केले आहेत. कोणते पीक हा एक पैलू, त्या पिकासंबंधीची कोणती समस्या हा दुसरा, आणि स्थळ व काळ हे आणखी पैलू होत. प्रत्येक पैलूची अंकचिन्हे स्वतंत्र असून ती विरामचिन्हांनी जोडली की विषयाचा क्रमांक सिद्ध होतो. लंडनमधील एका दुकानात मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचे प्रात्यक्षिक पाहत असताना, थोड्या सुट्या भागांतून अनेक आकृती उभ्या राहू शकतात ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, आणि तीतून ही कल्पना सुचली, असे त्यांनीच पुढे नमूद केले आहे. भारतातील बहुसंख्य ग्रंथालये आजही दशांश पद्धतीच वापरतात. तथापि विषयाचे पैलू पाडून विचार करण्याची रीत आज संगणकाच्या शोधयंत्रणेलाही आधारभूत ठरली आहे.

सूचीकरण : एका नावाचा शोध

शिक्षकाचा प्रश्न निराळ्या प्रकारचा आहे. नामदेवांची अभंगवाणी दशांश पद्धतीत मराठी साहित्याच्या ८९१.४६ या क्रमांकाखाली येईल. भक्तिसंप्रदायावरील विवेचन २९४.५ या हिंदुधर्माच्या क्रमांकात पडेल. त्यांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट असल्यामुळे त्या दृष्टीने झालेले अध्ययन २९४.६ येथे सापडेल. चरित्रे आणखी वेगळ्या फळीवर असतील. एकाच संतासंबंधीचे साहित्य अशा रीतीने चार ठिकाणी विखुरले जाते. ते फळीवर एकत्र आणता येत नाही. सूचीत मात्र आणता येते. ग्रंथाला जागा एक, पण नोंदी अनेक, हे सूचीचे सामर्थ्य होय.

मराठीत या कामाच्या काही खास अडचणी आहेत. लेखक कधी टोपणनावाने, कधी आद्याक्षरांनी, तर कधी संपूर्ण नावाने लिहितो. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकाच व्यक्तीची नावे आहेत, हे सूचीने सांगितले नाही तर वाचकाला निम्मेच ग्रंथ मिळतात. संतांचे ग्रंथ नावाखाली नोंदवावेत की उपाधीसह, हाही वादाचा विषय आहे. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीच्या आणि नंतरच्या ग्रंथांत एकाच शब्दाची रूपे भिन्न दिसतात, आणि संगणकाला ती रूपे दोन स्वतंत्र शब्द वाटतात. मराठवाड्यात आणखी एक भर पडते. हैदराबाद संस्थानची राजभाषा उर्दू असल्याने जुन्या घरांतून व संस्थांतून उर्दू कागदपत्रे आढळतात. मोडी लिपीतील दप्तरे आणि महानुभावांच्या हस्तलिखित पोथ्याही आढळतात. ज्याला मोडी किंवा उर्दू वाचता येते, त्याची या प्रदेशातील ग्रंथालयांना व संग्रहांना किती निकड आहे, हे निराळे सांगावयास नको.

सूचीकार्याची थोरवी पटविण्यास शंकर गणेश दाते यांचे एकच उदाहरण पुरेसे आहे. १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची त्यांची वर्गीकृत सूची १९४३ मध्ये, आणि १९३८ ते १९५० या काळाची १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी वाङ्मयाच्या कोणत्याही संशोधकाला आजही या सूचीपासून आरंभ करावा लागतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधामागे अशा एखाद्या सूचिकाराचे कित्येक वर्षांचे श्रम उभे असतात, आणि त्या श्रमांचा उल्लेख फार थोड्या प्रबंधांतून होतो.

शिक्षणाची परंपरा

ग्रंथपालन हे शिकावे लागते, ही जाणीव आपल्याकडे मुंबई-मद्रासच्या आधी बडोद्याला झाली. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्यात जन्मलेले महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळा सोडल्यावर हाती पुस्तक न आल्यास शिकलेले अक्षर पुसले जाते, हे ओळखून त्यांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. गावोगावची ग्रंथालये व पेट्यांतून हिंडणारी फिरती ग्रंथालये यांची योजना त्यातून आकारास आली, आणि १९११ मध्ये भारतातील पहिला ग्रंथपाल-प्रशिक्षण वर्ग बडोद्यास भरला. तेथून निघणाऱ्या ग्रंथालयविषयक नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी मजकूरही छापला जात असे. मुंबई विद्यापीठाने ग्रंथपालनाची पदविका सुरू केली, ती पुढे १९४३ च्या सुमारास.

रंगनाथन यांची कथा व्यवसाय निवडणाऱ्याने विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून ते रुजू झाले. परंतु त्या कामातील रिकामपण त्यांना असह्य झाले आणि पुन्हा अध्यापनाकडे परतण्याची त्यांची इच्छा होती. प्रशिक्षणासाठी इंग्लंडला जाऊन यावे आणि त्यानंतरही मन न रमल्यास परतावे, असे ठरले. इंग्लंडमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांतून मुले, कामगार व गृहिणी यांची वर्दळ त्यांनी पाहिली, आणि ग्रंथालय म्हणजे ग्रंथांची कोठी नव्हे, तो समाजाच्या वापरातील एक उपक्रम आहे, अशी त्यांची खात्री झाली. १९२५ मध्ये ते परतले, ते आमरण ग्रंथपाल राहण्याच्या निश्चयाने. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पंचसूत्रीचा आशय थोडक्यात असा : ग्रंथ वापरासाठी असतात; प्रत्येक वाचकाचा कोणता तरी ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाचा कोणी तरी वाचक असतो; वाचकाचा वेळ वाचविला पाहिजे; आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी संस्था आहे. या पाचांपैकी एकाही सूत्रात ग्रंथपालाच्या स्वतःच्या वाचनसुखाचा उल्लेख नाही, ही गोष्ट सूचक आहे.

कायदा आणि वेतन

आता प्रश्नाच्या कठीण भागाकडे वळणे प्राप्त आहे. ग्रंथपालाच्या व्यवसायाची दोन टोके आहेत. विद्यापीठे व महाविद्यालये हे एक टोक. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये नेमलेल्या समितीने ग्रंथपालास अध्यापकाच्या बरोबरीचा दर्जा व वेतन असावे, अशी शिफारस केली. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत महाविद्यालयीन ग्रंथपाल व सहायक ग्रंथपाल यांना सहायक प्राध्यापकाप्रमाणेच शैक्षणिक वेतनस्तर १० देण्यात आला, आणि त्याचे प्रारंभिक मूळ वेतन दरमहा ५७,७०० रुपये होते. त्यासाठी ग्रंथालयशास्त्रातील किमान ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी आणि राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा, अथवा विहित रीतीने मिळविलेली विद्यावाचस्पती पदवी आवश्यक ठरविली आहे. मात्र अनुदानित महाविद्यालयांतील जागा भरणे शासनाच्या परवानगीवर अवलंबून असते, आणि एका महाविद्यालयात ग्रंथपालाची जागा एकच असते, हे विसरून चालत नाही.

दुसरे टोक म्हणजे गावचे सार्वजनिक ग्रंथालय. येथील दारिद्र्याचे कारण शोधावयाचे, तर कायद्याच्या रचनेकडे पाहिले पाहिजे. १९४५ चा कोल्हापूर संस्थानचा आणि १९४८ चा मद्रासचा कायदा हे या क्षेत्रातील आरंभीचे कायदे होत. हैदराबाद राज्यात १९५५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला; पण पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा असून तो १ मे १९६८ पासून अमलात आला. मद्रासच्या कायद्याने मालमत्ता-करावर ग्रंथालय-उपकर बसविला आणि ग्रंथालयांना स्वतःचे उत्पन्न मिळवून दिले. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही. येथे लोकांनी स्थापन केलेल्या संस्थांना शासन मान्यता देते, अ, ब, क व ड असे त्यांचे वर्ग ठरविते, आणि वर्गानुसार वार्षिक अनुदान देते.

या व्यवस्थेला ऐतिहासिक आधार आहे. रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८), ठाणे (१८९३) येथील ग्रंथालये लोकांनीच उभी केली. मराठवाड्यात तर सभा-संमेलनांना पूर्वपरवानगी सक्तीची करणाऱ्या ‘गश्ती निशाण ५३’सारख्या फर्मानांच्या काळात वाचनालय हे मातृभाषेचे आणि विचारविनिमयाचे आश्रयस्थान झाले होते, परभणीच्या गणेश वाचनालयासारख्या संस्था त्या परंपरेच्या साक्षीदार आहेत. लोकांच्या संस्था लोकांच्याच हाती राहाव्यात, हा १९६७ च्या कायद्यामागील विचार म्हणूनच आदरणीय आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, तेथील ग्रंथपाल हा शासनाचा सेवक ठरत नाही. तो एका छोट्या संस्थेचा सेवक ठरतो, आणि त्याचे वेतन वार्षिक अनुदानाच्या एका हिश्श्यातून निघते. ते अनुदान हप्त्यांनी मिळते, आणि पुष्कळदा उशिरानेही. राज्यात अशी सुमारे ११ हजार मान्यताप्राप्त ग्रंथालये असून त्यांतील कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणीची मागणी कित्येक दशके चालत आलेली आहे. सर्वांत लहान वर्गातील ग्रंथालयात सामान्यतः एकच माणूस असतो. दार उघडणे, झाडलोट, वर्तमानपत्रे लावणे, देवघेव आणि दप्तर ही सर्व कामे त्यालाच करावी लागतात. वर्गीकरणास त्यातून वेळ उरला, तर तो त्याचा स्वतःचा उत्साह समजावयाचा.

सारांश, जेथे ग्रंथ विपुल आहेत आणि वाचकाला मार्ग ठाऊक आहे, तेथे प्रशिक्षित ग्रंथपाल उत्तम वेतनावर बसलेला आहे. आणि जेथे ग्रंथ थोडे असून प्रत्येकाचा नेमका उपयोग होणे अगत्याचे आहे, तेथे तो परवडत नाही.

निवड कोणी करावी

या व्यवसायात प्रवेशाच्या पायऱ्या स्पष्ट आहेत. गावच्या ग्रंथालयासाठी काही महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी आणि तिच्यावरील पदव्युत्तर पदवी, बहुधा प्रत्येकी एका वर्षात घेता येते; नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नोकरी करणाऱ्यांसाठीही ही वाट खुली केली आहे. ज्याने आधी एखाद्या विषयात पदव्युत्तर अध्ययन केले आहे, त्याची ती वर्षे वाया जात नाहीत. मराठीचा पदवीधर सूचीत टोपणनावे ओळखतो, इतिहासाचा पदवीधर दप्तरांची किंमत जाणतो आणि कृषिशास्त्राचा पदवीधर शेतकऱ्याचा प्रश्न नीट समजून घेतो.

प्रश्न उरतो तो वृत्तीचा. एकांतात वाचीत बसणे ज्याला प्रिय आहे, त्याने वाचक व्हावे. ग्रंथपाल होऊ नये. दुसऱ्याच्या अर्धवट विचारलेल्या प्रश्नात ज्याला रस वाटतो, तो प्रश्न पूर्ण होईपर्यंत ज्याला धीर धरता येतो, एक चुकलेली नोंद दुरुस्त केल्याखेरीज ज्याला चैन पडत नाही, आणि उत्तर मिळाल्यावर त्याचे श्रेय दुसऱ्याच्या प्रबंधात गेले तरी ज्याला खंत वाटत नाही, त्याच्यासाठी हा व्यवसाय आहे. संगणकामुळे अशा माणसाची गरज संपलेली नाही. २००० साली न्यूझीलंडमधील एका ग्रामीण ग्रंथालय-संस्थेसाठी प्रथम वापरात आलेली ‘कोहा’ ही मुक्त संगणक-प्रणाली आज देवनागरीतही चालते, आणि ती विनामूल्य आहे. पण तीत भरावयाची नोंद चुकीची असेल, तर शोध अधिक वेगाने चुकतो, एवढेच.

निर्वाहाच्या दृष्टीने पाहता केवळ गावच्या ग्रंथालयावर संसार चालविण्याचा सल्ला आज कोणत्याही विद्यार्थ्याला देता येत नाही. त्यागाचे गोडवे गाऊन तरुणांना अपुऱ्या वेतनावर बसविणे हे अन्यायाचे होईल. तथापि महाविद्यालयीन पदाची आकांक्षा धरणाऱ्याने आणि त्याला शिकविणाऱ्या विभागाने दुसऱ्या टोकाकडे पाठ फिरवावी, असाही याचा अर्थ नाही. विद्यापीठाच्या क्षेत्रातील प्रत्येक तालुक्यात शासनमान्य ग्रंथालये आहेत. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला वर्गीकरणाची उदाहरणे छापील प्रश्नपत्रिकेतून देण्याऐवजी अशा एका ग्रंथालयाचा खरा संग्रह द्यावा. चार विद्यार्थ्यांनी एका सत्रात त्या संग्रहाचे वर्गीकरण करावे, कोहामध्ये त्याची मराठी सूची सिद्ध करावी, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या संस्थांच्या पुस्तिका तेथे कशा मिळविता येतील, याची टिपणे ठेवावीत. हे अशक्य कोटीतील काम नव्हे. विद्यार्थ्याला त्यातून असे शिक्षण मिळेल, जे उत्तरपत्रिकेतून मिळत नाही. गावाला सूची मिळेल, जी अनुदानातून मिळत नाही. एकेका तालुक्याच्या अशा सूच्या एकत्र आल्या म्हणजे कोणता ग्रंथ कोठे आहे, हे सांगणारी संघसूचीही हळूहळू तयार होईल.

त्यानंतर हट्ट्याच्या शेतकऱ्याने करप्याविषयी विचारले, आणि गावच्या कपाटात ती पुस्तिका नसली, तरी ती वसमतला आहे की परभणीला, एवढे ग्रंथपालाला सांगता येईल. हा व्यवसाय निवडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : एवढे सांगता यावे म्हणून एक सत्रभर नोंदी लिहीत बसण्यात आपल्याला समाधान वाटेल काय? उत्तर होकारार्थी असल्यास या व्यवसायाचा मार्ग त्याने निःशंकपणे धरावा.